गाडीचं नाक आणि गवंड्याचा लेव्हल पाईप

मी गाडीच्या इंजिनाचा एअर फिल्टर आधी विकत घेतला आणि कुठला घ्यावा याचा विचार तीन महिन्यांनी सुरू केला. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. पण क्रम उलटा झाला म्हणूनच जे कळायचं ते कळलं, त्यामुळे सगळं घडलं तसंच सांगतो.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. आपल्याकडे ही २०१७ मध्ये आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिसायला डिकीवाली घरगुती गाडी, पण पाय दाबला की मागे बसलेल्यांचं बोलणं थांबतं. माझी २०१८ ची, नाशिकच्या एका गृहस्थांकडून २०२३ च्या दिवाळीत घेतलेली. त्यांनी ती वर्षभर फारशी चालवली नव्हती, झाडाखाली झाकून ठेवली होती. हा तपशील तेव्हा मला गाडीच्या बाजूचा वाटला. कमी चालली, म्हणजे कमी झिजली. झाडाखालच्या वर्षाचा अर्थ पुढे कळला.

पुण्यात आणल्यावर पहिले काही आठवडे नव्याची नवलाई. मग हळूहळू जाणवायला लागलं की गाडी वरच्या फेऱ्यांना जरा बोदी वाटते. मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत जोरात, पण पाच हजारांच्या पुढे कुणीतरी मागून शर्ट धरल्यासारखं. स्कॅनरवर एकही फॉल्ट नाही. पराग म्हणजे माझा जुना मित्र, स्वतः अशाच गाड्यांच्या नादाला लागून दिवाळं काढलेला माणूस. तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "अरे, हिला श्वास घेता येत नाहीये. इनटेक लाव." त्याच्याकडे आधीच्या गाडीचा एक उघडा कोन फिल्टर होता, पाइपासकट. नऊ हजार म्हणाला. मी एक रुपयाही कमी केला नाही, आणि पराग याचं आजही नवल करतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनात जाणारी हवा समोरच्या जाळीमागच्या एका तोंडातून आत येते, एका प्लॅस्टिकच्या डब्यात चपट्या फिल्टरमधून जाते आणि पाइपाने टर्बोपर्यंत, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यापर्यंत, पोचते. बदल करायचे ते मुळात तीन. डबा तोच ठेवून आतला कागदी फिल्टर काढून तेल लावलेल्या कापडी जाळीचा घालायचा. के अँड एन, बीएमसी वगैरे नावं त्यातली. दुसरा, डबाच काढून टाकायचा आणि पाइपाच्या टोकाला उघडा शंकू, म्हणजे परागकडचा तो कोन, बसवायचा. तिसरा म्हणजे बंद डब्यातला शंकू, मोठ्या तोंडाचा, कधी प्लॅस्टिकचा तर कधी कार्बन फायबरचा. किमती याच क्रमाने चढतात. मला तेव्हा कापडी चपटा सात-आठ हजारांत, बंद किट पन्नास हजारांच्या आसपास आणि कार्बनचं लाखाच्या वर असे भाव मिळाले होते. कंपनीचा कागदी फिल्टर दोन हजारांच्या आत येतो. त्याला कुणी 'बदल' म्हणत नाही, म्हणून माझ्या यादीतच तो नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही कोन बसवला. दोन स्क्रू, एक क्लॅम्प, मग डबा खालच्या रबरी बुचांतून वर ओढायचा की निघतो. मूळ डबा न उघडता, आहे तसा, जुन्या चादरीत गुंडाळून मी माळ्यावर टाकला. 'न उघडता' हा शब्द लक्षात ठेवा.

पहिल्या चक्करला मी वेडा झालो. गाडी खरोखर मोकळी झाली होती. पाच हजारांच्या पुढचं ते शर्ट धरणं गेलं. आणि आवाज! पाय दाबला की बॉनेटखालून वाऱ्याचा घोष चढत जातो, सोडला की डायव्हर्टर व्हॉल्व्हचा 'फिस्स' असा निःश्वास. या गाडीत काचेच्या खाली एक छोटं यंत्र कंपनीनेच बसवलेलं असतं. स्पोर्ट मोडमध्ये ते काचेला कंप देऊन आत इंजिनाचा आवाज गडद करतं. ते मी त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. खरं असताना खोटं कशाला? आईला दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडला सोडायला गेलो. ती नळस्टॉपपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "गाडीला दमा झालाय का रे?"

मी हसलो. पण एप्रिलमध्ये दमा खरा ठरला.

त्या एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशी ओलांडत होता. कर्वे रोडला सिग्नलमागून सिग्नल करत गाडी पौड फाट्याला पोचली की ओव्हरटेक करताना जीव नसल्यासारखी वाटायची. हायवेला लागून चार-पाच मिनिटं गेली की पुन्हा बरी. परागला विचारलं तर म्हणाला, "उन्हाळ्यात सगळ्याच टर्बो गाड्या अशा होतात." अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मोजायचं मी ठरवलं.

मोजायला फिश टँकचा थर्मामीटर घेतला. दीड-दोनशे रुपयांना मिळतो, छोटा पडदा आणि मीटरभर वायरच्या टोकाला सेन्सर. तसे दोन घेतले. एकाचा सेन्सर कोनच्या बुडाशी केबल-टायने बांधला, दुसऱ्याचा समोरच्या जाळीत, बाहेरच्या हवेसाठी. पडदे वायपरखाली अडकवले. त्या काड्यापेटीएवढ्या पडद्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. बाहेर ३८ असताना गाडी ऐंशीच्या वेगाने चालली की कोनपाशी ४६-४७. बरं. पण सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की ५५, ६०, आणि डेक्कनच्या गर्दीत एकदा ७१. म्हणजे थंड हवेच्या नावाखाली मी इंजिनाला रेडिएटरची वाफ पाजत होतो.

हवा तापली की विरळ होते, आणि इंजिनाला लिटरशी नव्हे तर वजनाशी मतलब असतो. एका ग्रॅम पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉल मिसळलेल्याला थोडी कमी. ३० अंशांची हवा ६० वर गेली तर तेवढ्याच जागेत तिचं वजन सुमारे नऊ टक्क्यांनी घटतं. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, म्हणजे मुंबईच्या मानाने सहाएक टक्के हवा इथे आधीच कमी. टर्बो ही तूट भरून काढतो, पण फुकट नाही. गरम हवा दाबली की आणखी गरम होते, ती थंड करायचं ओझं इंटरकूलरवर पडतं, आणि तोही तापलेला असेल तर इंजिनाचा कॉम्प्युटर ठोके पडू नयेत म्हणून ठिणगी उशिरा देतो. तो जो 'जीव नसणं' होता तो हाच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टर्बो गाडीत इंटरकूलरमुळे या तापलेल्या हवेचा फटका बराच बोथट होतो. मी ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटवरून, इंटरकूलरनंतरचं तापमान लॉग केलं. चालत्या गाडीत मूळ डब्याच्या आणि कोनच्या आकड्यांत दोन-तीन अंशांचाच फरक होता. तो पुढे केलेल्या तुलनेचा आकडा आहे, आधी सांगतोय एवढंच. फरक दिसतो तो गर्दीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. ज्याची गाडी फक्त पहाटे ताम्हिणीला जाते त्याला हा प्रश्न बहुधा जाणवणारही नाही. माझी रोज कोथरूडहून हडपसरला जाते.

तर तुलनेसाठी मूळ डबा हवा होता. माळ्यावरून उतरवला. चादर सोडली, झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत शेंगांची टरफलं होती. मूठभर नाही, ओंजळभर. त्याखाली वाळकी पानं, गोणपाटाचे धागे, बॉनेटच्या आतल्या इन्सुलेशनचा कापूस आणि मधोमध वाटीसारखी केलेली गादी. नाशिकच्या झाडाखाली वर्षभर उंदरांनी संसार थाटला होता. फिल्टरच्या खालच्या बाजूला, मळकट हवेच्या कप्प्यात. कागद एका कडेला कुरतडलेला, सुदैवाने आरपार नाही. समोरून येणाऱ्या नळीतही पानांचा बोळा.

मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसलो. जानेवारीतली ती मोकळी झालेली गाडी, ते वेडं होणं, तो सगळा चमत्कार कोनचा नव्हताच. उंदरांचं घर काढल्याचा होता. दोन हजारांच्या आतला नवा कागदी फिल्टर आणि पाच मिनिटांचा व्हॅक्यूम क्लीनर यांनी तेच झालं असतं. गाडी घेताना मी रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावून पाहिलं होतं, टायरच्या तारखा वाचल्या होत्या. एअर फिल्टर उघडला नव्हता. परागला फोन केला. तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, "पैसे परत मिळणार नाहीत."

आता मात्र मला हट्ट चढला. कुठला इनटेक चांगला, हे कुणाच्याही बोलण्यावरून ठरवायचं नाही. आवाजावरून तर नाहीच, आणि गाडी चालवून 'वाटण्या'वरूनही नाही, कारण माझ्या वाटण्याची किंमत उंदरांनी दाखवून दिली होती. जाहिरातीतल्या डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावरूनही नाही. डायनोवर बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा. तिथे उघडा कोन राजासारखा वागणारच. डेक्कनच्या सिग्नलला बॉनेट उघडून कोण उभं राहतं?

इनटेकचं काम दोन गोष्टींत मोजता येतं: हवा किती गार येते आणि किती अडते. गारवा फिश टँकने मोजला. अडथळा मोजायला गवंड्याचा लेव्हल पाईप आणला. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ती इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बांधायची आणि अर्धी पाण्याने भरायची. एक टोक मोकळं, दुसरं फिल्टरनंतरच्या कप्प्याला जोडायचं. इंजिन हवा ओढतं तेव्हा फिल्टरच्या पलीकडे जेवढा दाब कमी होतो तेवढं पाणी त्या बाजूला वर चढतं. दोन पातळ्यांतलं अंतर सेंटिमीटरमध्ये वाचलं की तोच आकडा जवळपास मिलिबारमध्ये. शाळेत मॅनोमीटर शिकताना याचा जन्मात उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मूळ झाकणाला भोक पाडायला मन होईना. मुंबईला गेलो होतो तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे सुट्या झालेल्या गाड्यांचे अवयव रस्त्यावर मांडलेले असतात, तिथे एका चाचांकडे ऑक्टाव्हियाचं जुनं झाकण मिळालं. "पूरा डब्बा ले जाओ, अकेला झाकण कौन लेता है?" असं म्हणत त्यांनी सातशे रुपयांना डबाच हातात दिला. भोक त्याला पाडलं, नळीची जोडणी एपॉक्सीने पक्की केली. मध्ये एक रिकामी बाटली लावली, चुकून पाणी जास्त ओढलं गेलं तर ते बाटलीत पडावं, टर्बोत नाही. हे कुणी करून बघणार असेल तर ती बाटली विसरू नका.

मे महिन्यातल्या रविवारी पहाटे साडेपाचला खेड शिवापूरच्या पुढचा मोकळा तुकडा गाठला. सोबत भाचा ओंकार, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मांडीवर फळी आणि हातात मोबाइल. दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत पूर्ण पाय. वेग नव्वदच्या पुढे जात नाही, त्यामुळे कायदाही सांभाळला जातो. पहिल्याच फेरीत आकडा भलताच आला. ओंकार व्हिडिओ मागेपुढे करत म्हणाला, "मामा, पाणी दाबाने नाही, आपल्या धक्क्याने चढतंय." फळी त्याने गाडीच्या दिशेत धरली होती, गाडी पुढे झेपावली की पाणी मागच्या नळीत जायचं. फळी आडवी, म्हणजे खिडकी ते खिडकी धरल्यावर आकडे स्थिरावले. पोराने त्या दिवशी माझ्याकडून मिसळीच्या दोन प्लेट हक्काने वसूल केल्या.

मी प्रत्येक गोष्ट तीनदा मोजली आणि मधला आकडा धरला. उंदरांचा संसार तसाच परत रचणं शक्य नव्हतं, पण तो मळका कुरतडलेला फिल्टर पुन्हा घालून मोजलं: ४७ सेंटिमीटर. नवा कागदी फिल्टर, नळी साफ करून: ३२. बाळूकडून, म्हणजे आमच्या मेकॅनिककडून, एका दिवसासाठी मागून आणलेला कापडी चपटा: २८. आणि कोन, त्याच्या पाइपाला वेगळी जोडणी करून: ११.

मग पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, धूळ बसलेली असताना, मी एकच फेरी फिल्टरशिवाय मारली. करू नये, मी केली. २१ सेंटिमीटर. फिल्टरच नाही तरी २१! म्हणजे नव्या फिल्टरच्या ३२ पैकी फक्त ११ फिल्टरचे. बाकी सगळा अडथळा समोरचं तोंड, नळीची वळणं आणि डबा यांचा. कागद काढून कापड घातलं तर वाचणार काय, तर चार सेंटिमीटर. पुण्याच्या हवेचा दाब साडेनऊशे मिलिबारच्या आसपास. त्यातले चार! 'पी हळद आणि हो गोरी' याच्यापुढे खरं वाटावं.

बरं, ते चार काय किंवा कोनने वाचवलेले एकवीस काय, ते चाकांपर्यंत पोचतात का? मी बूस्टचे लॉग काढले. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि टर्बोने दिलेला दाब, दोन्ही रेषा मूळ डब्यातही एकमेकींवर बसलेल्या होत्या. हेच या गाड्यांचं मर्म. वाट थोडी अडली तर टर्बो थोडा जोरात फिरतो आणि मागितलेला दाब देऊन मोकळा होतो. कंपनीच्या मॅपवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या मूळ सेटिंगवर, या इंजिनाला पूर्ण जोरात असताना सेकंदाला दीडशे लिटरच्या वर हवा लागते, म्हणजे दर सेकंदाला एका दाराचा एक फ्रिज रिकामा. मूळ डबा तेवढी हवा कुरकुर न करता देतो. डिझाइन करणारे मूर्ख नव्हते. मी मात्र डबा न उघडताच त्यांना मूर्ख ठरवलं होतं.

मग किट विकत घेणारे सगळे वेडे का? नाही. परागच्या ओळखीतल्या एकाने याच इंजिनावर रिमॅप करून ताकद २९० च्या घरात नेलेली आहे. अडथळा हवेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह सव्वापट झाला की अडथळा दीडपटीहून जास्त. माझे ३२ त्याच्याकडे पन्नाशीला टेकतील, आणि आधीच जोरात फिरणाऱ्या टर्बोला ते झेपायला कठीण. त्याने बंद डब्याचं किट लावलंय आणि ते शहाणपणाचं आहे. त्याने ते दोन आठवडे मला वापरायला दिलं, या उपकाराची फेड मी अजून केलेली नाही. माझ्या गाडीवर त्याचा आकडा आला १५, आणि तापमान जवळपास मूळ डब्याइतकंच, गर्दीत ५२-५३ पर्यंत आणि चालू लागलं की दोन मिनिटांत खाली. आवाजही भारदस्त, दम्याचा नाही. खरं सांगतो, परत देताना जड गेलं. रिमॅप केला असता तर तेच घेतलं असतं.

त्या दोन आठवड्यांत रिमॅपचा विचार रोज आला. केला नाही. डीएसजीचं वय, मिळणारं पेट्रोल आणि विम्याचा अर्ज, या तीन गोष्टी आड आल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत नोंदणीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फिल्टर बदलला म्हणून रस्त्यात कुणी धरल्याचं मी पाहिलेलं नाही, लोक सायलेन्सरच्या आवाजात सापडतात. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर बॉनेट उघडतो तेव्हा त्याची नजर ट्रॅफिक हवालदाराहून बारीक असते. बदल आधीच कळवून ठेवलेला बरा.

धुळीचं तर बोललोच नाही. फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं, याचा या नादात सगळ्यांना विसर पडतो. टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं, त्यावर वाळूचा कण आदळणं म्हणजे काय ते समजून घ्या. फिल्टर तपासायचं जागतिक मानक आहे, आयएसओ ५०११. ज्या दुकानात गेलो तिथे विचारलं की याचा त्या चाचणीतला आकडा काय? एका ठिकाणी उत्तर मिळालं, "सर, रेसिंगवाले हेच वापरतात." रेसिंगवाले इंजिन दर मोसमाला उघडतात. मी ते दोन लाख किलोमीटर चालवायचं म्हणतोय, तेही चाकणच्या ट्रकांमागे. कोन तीन महिने वापरून काढला तेव्हा पाइपाच्या आतून पांढरा रुमाल फिरवला. करडा निघाला, आणि चिमटीत चोळला तर कचकच लागली. कागदी फिल्टरवर तेवढेच महिने चालवून परत फिरवला तर नुसता तेलकट पिवळसर डाग. ही काही प्रयोगशाळा नव्हे. पण मला तो रुमाल पुरला.

कापडी फिल्टर नीट सांभाळला तर वाईट नसतो. मात्र त्याला तेल किती लावायचं हे हाताला कळावं लागतं. आमच्याच गटातल्या एकाने स्कोडाच्याच लॉरा डिझेलच्या फिल्टरला धुऊन सढळ हाताने तेल पाजलं. ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं, आणि गाडी महिनाभर काळा धूर ओकत होती. सेन्सर धुतल्यावर ठीक झाली. दोष फिल्टरचा नव्हता, पळीचा होता.

मग आला पाऊस. काही किटांमध्ये शंकू खाली, बंपरच्या मागे, चाकाशेजारी बसवतात. तिथे हवा गार असते, पण पाणीही तिथेच आधी पोचतं. इंजिनाने घोटभर पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्तीच्या बिलात दुसरी छोटी गाडी येते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा मी धायरीहून परतत होतो आणि पाणी पाहून गाडी वळवून दूर लावली. या गाडीचं मूळ तोंड वर, बॉनेटच्या ओळीत आहे, तरीही त्या पाण्यात शिरायची हिंमत झाली नाही. तोंड गुडघ्याशी असलेलं काहीही मी पुण्यात लावणार नाही, एवढं त्या रात्री पक्कं झालं.

तर निवड: कंपनीचा डबा, कंपनीचा कागदी फिल्टर, आणि समोरच्या नळीच्या तोंडाला आतून बारीक स्टीलची जाळी, उंदरांसाठी. जाळी लावल्यावर पुन्हा मोजलं, ३३. एक सेंटिमीटर उंदरांना अर्पण. फिल्टर दर दहा हजार किलोमीटरला बदलायचा, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. दर सर्व्हिसला बाळूला सांगतो, डबा माझ्यासमोर उघड. तो वैतागतो.

आवाजाचं दुःख होतं, ते लपवत नाही. काचेखालचं ते यंत्र पुन्हा चालू केलंय. खोटं आहे हे माहीत असूनही कात्रजच्या नव्या बोगद्यात काच खाली करतो.

कोन ऑगस्टमध्ये विकला. चिंचवडहून एक मुलगा आला होता, विशीतला, त्याच्या वडिलांची ऑक्टाव्हिया घेऊन. मी त्याला सगळं सांगितलं. फिश टँक, लेव्हल पाईप, ७१ अंश, रुमाल, उंदीर. त्याने अर्धा तास शांतपणे, अगदी नम्रपणे ऐकून घेतलं. मधे दोनदा मान डोलावली. मी म्हटलं, तुझ्या गाडीचा डबा आधी उघडून बघ, हवं तर माझी नळी ने, मोजून बघ, मग ठरव.

"दादा, आवाज येतो ना पण?" त्याने विचारलं.

"येतो," मी म्हणालो.

त्याने खिशातून साडेसहा हजार काढून मोजले. लेव्हल पाईपही नेला.